स्वतःसाठी मत मागायचं नाही

प्रिय तात्या,

मतपेटी मी केली, सागवानी, एकही खिळा न मारता. नोटीसबोर्ड मी केला. बारा इमारतींच्या पाण्याच्या लाइनींचा नकाशा मी काढला, एकेक व्हॉल्व्ह जागेवर जाऊन मोजून. सातवी पास माणसानं. काल आपल्या सेक्टरच्या समितीची निवडणूक झाली आणि मी हरलो. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

नेरूळला नगरपालिका अजून नाही; आपली समितीच काय ती. नियम तुमचा होता. उमेदवारानं स्वतःसाठी मत मागायचं नाही, त्याच्यासाठी शेजाऱ्यानं दारोदार जायचं. तीनदा तुम्ही माझ्यासाठी चार-चार मजले चढलात. मी खाली थांबायचो. तुम्हाला दम लागायचा, ते मला दिसत नव्हतं का?

यंदा तुम्ही नव्हता. माझ्याविरुद्ध समोरच्या इमारतीतला कदम उभा होता; त्याच्यासाठी तर शेजारी फिरलाच नाही. पक्षाची जीप फिरली, भोंगा लावून. मी सभेत हरकत घेतली. जीपवाला पुढारी हसला. "काका, शेजारी किती लांबचा चालेल, ते नियमात लिहिलंय कुठं?"

नव्हतं लिहिलेलं. आणि नियमाचा कागद माझ्याच अक्षरातला. सूतभर फरक न खपवणारा मी, एवढी फट कशी ठेवली?

त्यातच आपल्या मागच्या इमारतीचे नळ अकरा दिवस कोरडे. माझे तीन अर्ज गेले, काही हललं नाही. पुढाऱ्याच्या एका फोनवर टँकर आला. शिंदेवहिनी हंडा भरता भरता म्हणाल्या, "भाऊ, राग मानू नका. तुमी माणूस चांगले. पण अर्जानं डाळ शिजते का?"

नळाला झेंडा बांधू नये, असं मला अजून वाटतं. आज ओळखीनं पाणी आलं. उद्या ज्यांनी मत दिलं नाही, त्यांच्या मजल्यावर चढेल का? पण हे दारात जाऊन मी सांगायचं नाही, आणि सांगणारं दुसरं कुणी नाही. तात्या, नियम करताना तुम्ही हा विचार करायला हवा होता. बोलणारा शेजारीच गेला, तर माणसानं काय करायचं?

मी पुन्हा उभा राहणार नाही. पण झेंड्याशिवाय कुणी उभं राहिलं, तर त्याच्यासाठी चारही मजले मी चढेन. हा शब्द देतो.

आणखी एक. मतदानाच्या आदल्या दिवशी तो पुढारी घरी आला होता. गॅलरीत त्यांचा झेंडा लावायचा, मग जीप कदमऐवजी माझं नाव घेईल. वर खर्चाला पैसे. मी नको म्हटलं. दोन हजार रुपये होते.

तुमचा शेजारी,
दत्ताराम