तुमची जबानी तशीच राहील

प्रिय आई,

सासूला, तेही गेलेल्या सासूला, सून पत्र लिहिते म्हटल्यावर आख्खी पळसदरी हसेल. हसू दे! उद्या कोर्टात तारीख आहे आणि या घरात माझ्याशी सरळ बोलणारं आता कुणी उरलेलं नाही.

दहाव्याला काय झालं ते आधी सांगते. धरणाच्या काठी पिंड मांडले आणि कावळा काही शिवेना. म्हैस विकणार नाही, नातीला शिकवू, सगळी वचनं देऊन झाली. मग तुमचे धाकटे दीर, आमचे काका, माझ्याकडे वळले. "सविता, वैनीचा जीव पोरात अडाकलाय गं. केस मागं घेते म्हन, मंग बघ कावला कसा येतो!"

भावकी बघत होती. तुमचा महेशही, माझा नवरा, हात जोडून उभा होता.

मी म्हटलं, "नाय घेनार."

कावळा आला नाही, आई. शेवटी दर्भाचा करून शिवला. बायका कुजबुजल्या, हिच्यामुळे म्हातारी उपाशी गेली. पण तुम्ही जिवंतपणी तरी पहिल्या हाकेला कधी जेवायला आलात? सगळ्यांची ताटं उचलली की मग तुम्ही बसायचात!

भावकीला मात्र धक्काच बसला. कारण दोन दिवस आधीपर्यंत मीच हो म्हणत होते.

तुम्हाला ठाऊकच आहे. जामिनावर सुटून महेश रसायनीला राहायला गेला, रोज फोन करून रडायचा. पोरगी विचारायची, बाबा कधी येणार? मी थकले होते हो! ओट्यावर वाल सोलताना मी म्हटलं, केस मागं घेते. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "घे. मार तू खाल्लास. पन मी बोलले ते बोलले." आणि दोन दिवस माझ्याशी अबोला! तेव्हा रागाच्या भरात माझ्या तोंडून गेलं, "तुमाला पोराची मायाच नाय." ते परत घ्यायचं राहून गेलं. फार जाळतं ते मला.

तुम्ही गेल्यावर, दहाव्याच्या दोन दिवस आधी, काकांनी वकिलाकडून अर्ज टाइप करून आणला. म्हणाले, वाचायचं काय त्यात, सही कर. मी वाचला. 'सासूने भरीस घातल्यामुळे मी खोटी तक्रार दिली.'

सासूने भरीस घातल्यामुळे!

त्या दिवशी भाताची लावणी टाकून चिखलाच्या पायांनी धावत आलात तुम्ही, महेशचा मार डोळ्यांनी पाहिलात. माझं मोडलेलं मनगट मांडीवर घेऊन टेंपोत बसलात. चौकीत हवालदाराने मला विचारलं, तर माझी दातखीळ बसलेली. तुम्हीच पुढे झालात. "लिवा. माज्या पोरानं मारलंय हिला. मी आई हाय त्याची, मी सोता बघितलंय." त्याने दोनदा विचारलं, मावशी, नक्की ना? तुम्ही पदराने तोंड पुसलंत आणि म्हणालात, "लिवा म्हनते ना!" घरी येऊन चुलीपुढे बसून रडलात. तुमचं पोटचं पोर होतं ते. माया नव्हती म्हणे! किती मूर्ख होते मी.

माझा मार मी कदाचित माफ केला असता. कदाचित. पण तुम्हाला खोटं पाडू? तेही तुम्ही उठून उत्तर देऊ शकत नाही तेव्हा? अर्ज मी काकांच्या हातात परत ठेवला. ते म्हणाले, मेलेल्या मानसाला काय फरक पडतो? मला पडतो, म्हटलं.

उद्या मला भीती वाटेल. महेश समोर असेल, रडेलही. माझं मनगट अजून पावसाळी हवेत ठणकतं, तेच घट्ट धरून मी उभी राहीन. त्या दिवशी माझी दातखीळ बसली होती आणि तुम्ही बोललात. आता तुमची बसली आहे, आई. उद्या मी बोलेन.

तुमचीच सून,
सविता