हरताळ आणि माझे जंतू

लालबाग, फेब्रुवारी १९५६

प्रिय दादास,

तुरुंगातून पाठवलेलं तुझं कार्ड मिळालं. "संशोधनात मन लाव," असं लिहिलंयस. मन कुठून आणू? सकाळी नळावरची रांग, मग आईचं औषधपाणी, दुपारभर प्रयोगशाळा, आणि संध्याकाळी तुझं हस्तलिखित मासिकही मीच उतरवते. गिरणीतल्या बायकांसाठी पटकीवर पुस्तिका लिहायला घेतली होती, ती चार पानांवर अडकलीय.

माझे जंतू फार नाजूक आहेत. दर दोन दिवसांनी त्यांना नव्या नळीत हलवलं नाही तर मरतात. नेमका त्यांना हलवायच्या दिवशी हरताळ आला. मी चालत परळपर्यंत गेले, तर नाक्यावर तुझा मित्र कोंडीराम आडवा आला.

"आज कोणी कामावर जायचं नाही, कौसल्या. तुझ्या भावानेच आत जाण्याआधी ठरवून दिलंय."

"जंतूंना हरताळ कळत नाही रे. दहा मिनिटं सोड."

"तुला सोडलं तर बाकीच्यांना काय सांगू?"

मी परतले. दुसऱ्या दिवशी सगळ्या नळ्यांमधले जंतू मेलेले होते. सात महिन्यांचं काम गेलं. प्रयोगशाळेतले सर म्हणाले, "पुन्हा असं झालं तर तुमची जागा दुसऱ्याला देईन."

महाराष्ट्र मलाही हवाय, मुंबईसकट. पण काल कोंडीरामला सांगून आले, पुढच्या हरताळाला मी कामावर जाणार. तो म्हणाला, "मी अडवणार."

त्या नाक्यावर तू उभा असतास तर मला जाऊ दिलं असतंस का, एवढंच विचारायचं होतं. तू "नाही" लिहिशील याची भीती वाटते, म्हणून हे पत्र टपालपेटीत टाकत नाही.

तुझी,
कौसल्या