अब्बांची पकड आणि भीमेतला शिंगाळा

दौंड,
२० नोव्हेंबर १९६३

आदरणीय चांदमामू आणि मामीजान यांना गुलशनचा अदबीने सलाम.

इकडे सर्व ठीक. अम्मीचा गुडघा दुखायचा तेवढाच दुखतो. अब्बांची तब्येत उत्तम आहे, मध्ये काही दिवस ते कोणाशी नीट बोलत नव्हते एवढेच. त्याचे कारण पुढे येते. मामीजानचा खोकला मुंबईच्या दमट हवेत वाढत नसेल अशी आशा आहे.

बोटीवरच्या साहेबाकडून मिळवून तुम्ही अब्बांसाठी पाठवलेले मासे धरायचे रीळ पोचले. (दोरा आतल्या आत गुंडाळणारी बंद डबी, मागे अंगठ्याने दाबायचे बटण, कडेला फिरवायची मूठ. रचना साधी आणि चांगली आहे.) खोक्यावर इंग्रजीत काय लिहिले आहे असे अब्बांनी विचारले. मी ‘नवशिक्यांसाठी’ असे सांगितले. भाषांतर बरोबर होते, पण रेल्वेत रूळ बदलणाऱ्या सांधेवाल्याची नोकरी सांभाळून उभा जन्म भीमेत गळ टाकणाऱ्या माणसाला ते सांगायला नको होते. त्यांनी खोके माझ्याकडे सरकवले आणि पानाचा डबा पुढे ओढला. नेमकी त्याच दिवशी माझी नेमणूक आली. मुंबईच्या कारखान्यात ट्रेसरची जागा, म्हणजे यंत्रांचे नकाशे उतरवून काढायचे; पुण्यात मी तेच शिकले. अब्बांना हो म्हणायचे नव्हते आणि नाही म्हणायला कारण सापडत नव्हते. (मुलीला शिकवले त्यांनीच.) शेवटी म्हणाले, “ह्या डबड्यानं नदीतला मासा काढून दाखव, मग जा मुंबईला.” मासे विकणारा भैरू ओट्यावर बसला होता, तो आपोआप साक्षीदार झाला.

वेळूच्या काठीला तारेची कडी बांधून मी रीळ बसवले आणि आम्ही तिघे नदीवर गेलो. बटण दाबून धरायचे आणि काठी पुढे येताना योग्य क्षणी सोडायचे, एवढेच काम आहे. पहिल्यांदा मी उशिरा सोडले, दोऱ्याला वजनासाठी बांधलेले शिसे माझ्याच पायाशी आपटले. मग लवकर सोडले, तर गळ आकाशात गेला आणि वाऱ्याने फिरून शेजारच्या तुळजाबाईंनी खडकावर वाळत घातलेल्या वाकळेत रुतला. “गुलशन, मासं वढायचं सोडून माझी वाकळ कशापायी वढतीस गं?” असे त्या पलीकडून ओरडल्या. मी जाऊन वाकळेतला गळ सोडवला. त्यानंतर मात्र गळ मी म्हणेन तिथे पडू लागला, आणि थोड्या वेळात मासा लागला. दोरा कर्रर्र आवाज करत बाहेर जाऊ लागला. तो जायलाच हवा. जोर वाढला की आतली चकती घसरून दोरा सोडते, म्हणजे तो तुटत नाही. परंतु रेल्वेच्या माणसाला ढिली राहिलेली वस्तू पाहवत नाही. अब्बांनी खिशातून पकड काढली (ती त्यांच्या खिशात रुमालाच्याही आधी जाते), ती चकती घट्ट-सैल करायचे रिळावरचे चाक करकचून आवळले, आणि दोरा तट्कन तुटला. “बघ, कच्चा माल!” म्हणून ते घराकडे निघालेसुद्धा. मी तुटलेल्या दोऱ्याला नवा गळ बांधू लागले. भैरूच अब्बांना म्हणाला, “नबीभाई, पकड तुमची आन् हार पोरीची? ह्ये न्हाई चालायचं.” म्हणून मला आणखी एक दिवस मिळाला.

दुसऱ्या दिवशी अम्मीने पकड पिठाच्या डब्यात ठेवली. मी चाक सैल केले, हाताने दोरा ओढून ताण पाहिला आणि अब्बांच्या दोन्ही हातांत टोपली दिली. या वेळी लागला तो शिंगाळा, मिशांचा दांडगा मासा. तो पळाला की मी दोरा जाऊ दिला, थांबला की मूठ फिरवली. काठावरचे सगळे आवळ, आवळ म्हणून ओरडत होते. भैरू दोरा हाताला गुंडाळ म्हणत होता, कारण तो तसाच धरतो आणि त्याच्या तळव्यावर दोऱ्याच्या खुणा आहेत. अब्बांनी टोपली इतकी आवळली की तिची एक कामटी मोडली. पण ते जागचे हलले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवते. अखेर शिंगाळा आडवा होऊन काठाला आला. अब्बांच्या हाताएवढा लांब! भैरूने त्याला कल्ल्यात धरून वर काढले आणि म्हणाला, “आजवर आपुन दमत हुतो, नबीभाई. आज मासा दमला.” अब्बांनी माशाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “जा.” रात्री त्यांनी रस्सा दोनदा मागून घेतला.

तुमची आज्ञाधारक भाची,
गुलशन

ता. क. – रीळ आता अब्बांकडे असते. खोक्यावरचा तो शब्द त्यांनी ब्लेडने खरवडून काढला आहे. मी लवकर निघावे म्हणून माझी ट्रंकही तेच बांधत आहेत.

आणखी ता. क. – “जा” म्हटल्यावर त्यांनी एकच विचारले, राहणार कुठे? चांदमामूंचाच फार आग्रह आहे, असे मी सांगितले. हा आग्रह तुमच्या कानावर अजून गेलेला नाही, म्हणून हे पत्र. रविवारी सकाळच्या पॅसेंजरने निघते. मामीजाननीही आग्रह केला आहे. तेवढे त्यांना त्याआधी कळवावे.