सगळ्यांना दिसणारं पान

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, बाबांची तब्येत आहे तशीच आहे. फोनवर बोलले तर ते पलीकडच्या खोलीतून ऐकतात, आणि तू बसवून दिलेल्या त्या विकीवर यापुढे मनातलं काही लिहीन तर शपथ. म्हणून कागद. आधीच सांगते, चूक माझी आहे.

सुट्टीत येऊन तू घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो विकी, म्हणजे घरातल्या कुणीही लिहावीत-वाचावीत अशी ती पानं, चालू केलास, तेव्हा मी किती नाकं मुरडली होती! पण खरं सांगू, त्याने घर सावरलं. गोळ्यांच्या वेळा, आज कोणता वार, गॅस बंद केला का, मी ऑफिसातून कधी येणार, सगळं बाबा त्यावर वाचतात. दिवसातून दहादा वाचतात, कारण दहादा विसरतात. तू म्हणाला होतास, ताई, यातलं काही बाहेर जात नाही, सगळं आपल्या घरातच राहतं. मी निर्धास्त झाले. घरातल्या घरात कुणापासून काही लपवायचं असेल तर, हा प्रश्न तेव्हा तुलाही पडला नाही आणि मलाही.

मग मी एक पान लिहिलं, बाबांना वृद्धाश्रमात ठेवण्याबद्दल. तुला सांगितलं नाही, कारण तू आकाशपाताळ एक केलं असतंस. डॉक्टर काय म्हणाले, मी गुपचूप बघून आलेल्या दोन जागा, तिथल्या नर्स, खोलीला खिडकी आहे का. आणि हेही लिहिलं की मी थकले आहे, परवा त्यांनी मला ओळखलं नाही तेव्हा मी त्यांच्यावर ओरडले. रेकॉर्ड रूममध्ये सव्वीस वर्षं काढली मी. आमच्याकडे फाइल मुळातच बंद असते, कुणाला दाखवायची तर सही लागते. मला वाटलं, पानाचंही तसंच. तुझ्या विकीचा कारभार उलटा निघाला! नवीन पान आपोआप घरातल्या सगळ्यांना दिसतं, लपवायचं तर कुलूप आपण लावायचं. ‘सगळ्यांना दिसेल’ ही खूण आधीपासून केलेलीच होती. तू बदलली नाहीस, मी पाहिली नाही. गेल्या सोमवारी बाबांच्या समोर पानांची यादी उघडी होती आणि माझं पान त्यात सगळ्यात वर होतं.

कसंबसं कुलूप लावलं, पण तोवर पान आठवडाभर उघडं होतं. कुणी वाचलं हे विकी सांगत नाही. तेव्हापासून मी बाबांचा चेहराच वाचत बसते. ते रोज दाढी करायला लागलेत. ताट स्वतः उचलतात. दोनदा विचारलं, माझा तुला त्रास होतो का गं? कळलंय म्हणून, की सहज? वाचलं तरी विसरले असतील, असं मनाला बजावते, आणि त्यांच्या विसरण्यावर भिस्त ठेवते म्हणून स्वतःचीच लाज वाटते.

काल ते पान पुसून टाकायला उघडलं. कुलूप लावायच्या घाईत खालपर्यंत पाहिलंच नव्हतं. अगदी शेवटी एक ओळ आहे, बाबांच्या नावाने, मी पान लिहिलं त्याच्या तिसऱ्या दिवसाची. ‘मी जाईन. तू थकलीस, मला दिसतं. धाकट्याला एवढ्यात सांगू नकोस, त्याची परीक्षा तोंडावर आली आहे.’ बेचाळीस वर्षांच्या घोड्या, तुझी परीक्षा आहे म्हणे! आधी हसू आलं, मग रडू आवरेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं ऐकत नाहीये आणि तुला सांगतेय, कारण त्यांना पाठवायचं की ठेवायचं, हे मला एकटीला ठरवता येत नाही रे. शनिवारी ये. आधी त्यांच्याजवळ बस, मग आपण बोलू. ते विचारतीलच, तर पेपर सोपा गेला म्हणून सांग.

तुझीच,
ताई