ब्रेक उजवीकडे घेतलाय

प्रिय बाईसाहेब,

हे नाव लिहायला आज हात कचरतोय. वर्कशॉपमधली मंडळी तुला बाईसाहेब म्हणतात त्यात चेष्टा कमी आणि धाक जास्त असतो. लग्नानंतर तू पहिल्यांदा तिथे आलीस तेव्हा ग्रीसचे हात न धुता डबे उघडून बसलेल्या सगळ्यांना उठवून नळावर पाठवलं होतंस, मलासुद्धा. तेव्हापासून नाव चिकटलं ते चिकटलंच. माझं 'उस्ताद' कसं चिकटलं ते तुला माहीत आहे. ते मीच पसरवलं.

तू फोन उचलत नाहीस याबद्दल माझी तक्रार नाही. तुझ्या जागी मी असतो तर फोन आपटून फोडला असता. आणि तू उचलला असतास तरी मी पुन्हा काहीतरी भलतंच बोलून बसलो असतो. माझं तोंड माझ्या ताब्यात नाही हे तू मला किती वेळा सांगितलंस. कागदावर निदान खोडता येतं. हे वाचताना तुला बऱ्याच ठिकाणी खाडाखोड दिसेल. तिथे तिथे मी स्वतःची बाजू मांडायला निघालो होतो असं समज.

घरची खबर अशी. गॅलरीतल्या कुंड्यांपैकी दोन वाळल्या, बाकीच्या तग धरून आहेत. न्हाणीघरातला नळ अखेर दुरुस्त केला. जगाचे पंप आणि शाफ्ट नीट करणाऱ्याच्या घरात नळ गळतो म्हणून तू पाहुण्यांसमोर माझी टोपी उडवायचीस, आता तो थेंबभरही गळत नाही आणि त्याचं कौतुक करायला घरात कोणी नाही. दूध रोज उतू जातं. तुझ्या चष्म्याची जुनी काडी ड्रॉवरमध्ये सापडली, ती ठेवून दिली आहे.

आपल्या जुन्या मोटरसायकलचीही खबर देतो, कारण ती टाळली तर पुढचं काही लिहिता येणार नाही. माणसं तिला बघायला येतात, कोणी गेलं की समाचाराला येतात तशी. वर्कशॉपच्या कोपऱ्यात तिच्यासमोर उभी राहतात, चेपलेल्या टाकीवरून हात फिरवतात, किती जिवापाड जपली होती म्हणून हळहळतात. रविवारी आपापल्या जुन्या गाड्या घेऊन माझ्याबरोबर फिरणाऱ्या मंडळींतले बँकेतले साहेब तर हेल्मेट काढून हातात धरून उभे राहिले. मीही चेहरा पाडून उभा असायचो. खोटं कशाला सांगू, मला ते आवडत होतं. तुझी चौकशी एकट्या समोरच्या वेल्डरने केली. मी म्हणालो, तिला काही झालं नाही, चालत गेली ती. त्याने काच डोळ्यांवर ओढली आणि कामाला लागला. तेव्हा मला त्याचा रागच आला होता.

तू तिला सवत म्हणायचीस. भंगारवाल्याकडून ती पोत्यांत भरून आणली, तेव्हा चाकं वेगळी, इंजिन वेगळं, अशी ती आपल्या बैठकीच्या खोलीत कित्येक महिने पसरलेली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तू ओळख करून द्यायचीस, ही माझी सवत, अजून तिचे पाय लावायचे आहेत. पण ती सुरू झाली त्या दिवशी माझ्याआधी तूच मागची सीट झटकून बसलीस. आणि पुढे शाळेच्या मैदानावर मी तुला ती चालवायला शिकवली. जुनी चाल तिची, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. तू त्याआधी काहीच चालवलेलं नव्हतंस, त्यामुळे तुला ते जराही उलटं वाटलं नाही. मला मात्र दिवसभर गिऱ्हाइकांच्या नव्या गाड्या फिरवून संध्याकाळी हिच्यावर बसलं की पायांचा गोंधळ व्हायचा. तुझा कधी झाला नाही. तुझ्या पायाला एकच ब्रेक माहीत होता, डावीकडचा, आणि तो मीच शिकवलेला.

तर त्या बदलाविषयी. स्वतःशी मी म्हणत आलो की तुला सांगायचं राहून गेलं. आधी तसंच धरून चाललो होतो. आता नीट लिहितो. गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे घ्यायचं माझ्या डोक्यात बरेच दिवस होतं. त्यासाठीचा आडवा शाफ्ट मी स्वतः कातला, आणि बाईसाहेब, तो इतका सुरेख झाला होता की मी खिशात घालून फिरत होतो. तुझ्या रक्तपेढीत त्या आठवड्यात माणसं कमी होती, तू थकून यायचीस. एक दिवस मी जेवताना गाडीचा विषय काढला आणि तू म्हणालीस, पुरे झालं आता, तिचं कौतुक ऐकायला माझ्या अंगात त्राण नाही. बस, एवढंच. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी ठरवलं, हिला ऐकायचंच नाही ना, मग नाहीच सांगत. काम झाल्यावर रविवारच्या मंडळींना दाखवलं, बँकेतल्या साहेबांना दाखवलं, रस्त्याने जाणाऱ्याला थांबवून दाखवलं. तुला नाही. म्हणजे राहून गेलं नव्हतं. मी रुसून बसलो होतो, एवढा घोडा होऊन.

मग तो छापखान्याचा दिवस. डोंगरापलीकडे मशीन उघडून बसलो आणि लक्षात आलं की त्यात बसवायचा पितळी बुश जेवणाच्या टेबलावरच राहिला. मालक माझ्या डोक्यावर उभा. मी तुला फोन केला, गाडी घेऊन ये म्हणालो. तू विचारलंस, बसने आणू का. मी म्हणालो, बसने संध्याकाळ होईल, तिलाच घे, लवकर ये. त्या वेळी ते वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. ब्रेक उजवीकडे घेतलाय, जपून ये. इतकंच म्हणायचं होतं. पण म्हटलं तर तू विचारणार, कधी केलंस, आणि मला का सांगितलं नाहीस, आणि मालकासमोर मला ते नको होतं. मनात म्हटलं, किक मारली की तिला कळेलच.

कळलंच तुला. आंधळी थोडीच आहेस तू. मंडईपाशी तुला भेटलेल्या आपल्या शेजारीणबाईंनी मला नंतर सांगितलं, तू गाडी थांबवून खाली वाकून पाय आळीपाळीने ठेवून बघत होतीस आणि एकटीच पुटपुटत होतीस. मला शिव्याच देत असशील. तरी तू मागे फिरली नाहीस, कारण मी लवकर ये म्हणालो होतो. वळणावळणांचा सगळा चढ तू धिम्या गतीने, सावधपणे चढलीस. उतारावरच्या शेवटच्या आधीच्या वळणावर ट्रक आपली बाजू सोडून आला, आणि तिथे विचार करायला वेळ नव्हता. तुझ्या डोक्याला बदल कळला होता, पायाला कळला नव्हता.

रस्त्याचं काम करणाऱ्या माणसांनी तुझ्या फोनवरून मला कळवलं. छापखान्याच्या टेम्पोतून मी आलो. तू कठड्यापाशी उभी होतीस, केसांत माती, उजवा हात पोटाशी धरलेला. गाडी खाली, दगडांत. मी टेम्पोतून उडी मारली आणि तुझ्या शेजारून पळत गेलो. तुझ्या इतक्या जवळून गेलो की माझ्या शर्टाची बाही तुझ्या खांद्याला लागली. मी खाली उतरून तिचं हँडल उचललं, टाकीवरची माती पुसली, आणि खालूनच, त्या सगळ्या परक्या माणसांसमोर, ओरडलो, "ब्रेक कुठे आहे ते बघायला नको का आधी?"

मी वर आलो तेव्हा तू डाव्या हाताने पर्समधून फडक्यात गुंडाळलेला बुश काढलास आणि माझ्या हातात दिलास. "हे घे. मशीन थांबलंय ना तुझं," म्हणालीस, आणि रस्त्याने चालायला लागलीस. मला वाटलं पुढे जाऊन थांबशील. मी गाडी टेम्पोत चढवायच्या मागे लागलो. तू वळणाआड गेलीस, आणि मी दोरी आवळत होतो.

आणि तो बुश मी त्याच दिवशी बसवला. मशीन सुरू करून दिलं. हेही तुला कळू दे.

गाडी दुरुस्तीला काढली तेव्हाची गोष्ट सांगतो. ती उजव्या अंगावर पडली होती, त्या बाजूचं सगळं चेपलं, मोडलं, घासलं. डावी बाजू जवळपास धड होती. फक्त गिअरचा दांडा वाकलेला होता. मला कळेना, या बाजूला मार नाही तर हा का वाकला. आपटून वाकला असता तर आत, इंजिनकडे वाकला असता. हा सरळ खाली वाकला होता. मी हातात पाना घेऊन तिथेच फरशीवर बसलो. तू त्यावर सगळा जीव लावून पाय दाबला होतास, लोखंड वाकेपर्यंत. तू ब्रेक मारत होतीस, आणि तिथे मी ब्रेक ठेवलाच नव्हता. त्या दिवसापासून मी तिला हात लावलेला नाही. माणसं विचारतात, कधी उभी करणार, आणि मी कामाचा बहाणा सांगतो.

तुला वाटेल मी इथेच थांबावं. पण खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. अपघात झाला त्याच संध्याकाळी तुझ्या बाबांचा फोन आला होता. तू माहेरी पोचली होतीस. त्यांनी ओरडून नाही, अगदी साधेपणाने विचारलं, हे झालं कसं. आणि मी म्हणालो, "मी तिला सांगितलं होतं बाबा, ब्रेक बदललाय म्हणून. विसरली असेल." इतकं सहज आलं ते तोंडातून. मग तेच मंडळींना सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं. सांगून सांगून ते खरं वाटायला लागलं. वेल्डरला मात्र ते सांगायचं धाडस झालं नाही.

आज सकाळी ताई तुझे गरम कपडे न्यायला आल्या. तुझी ही बहीण लग्नाच्या दिवसापासून मला पाण्यात पाहते, त्यामुळे मी कंबर कसून उभा होतो. चार शब्द ऐकवतील, मीही ऐकवीन, हिशोब फिटेल. पण त्या बसल्या, पाणी मागितलं, आणि माझ्याशी इतक्या मायेने बोलल्या की मला धडकी भरली. म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ती कबूल करते, तुम्ही सांगितलं होतंत, तीच विसरली. तिच्यावर रागावू नका एवढंच." बाबांनी विचारलं तेव्हाही तू हेच म्हणालीस म्हणे. माझ्या घराची पायरीही चढायची नाही असं ठरवून बसलेली तू, आणि माझं खोटं मात्र तू पाठीशी घातलंस. मग त्यांनी सांगितलं की मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं, प्लास्टर निघालं तरी हात पुरता वळत नाही, सुई धरता येत नाही म्हणून तुला रक्तपेढीत खिडकीपाशी बसवलंय, रक्तदात्यांची नावं लिहायला. शीर सापडत नाही म्हणून मेटाकुटीला आलेले लोक ज्या बाईला हाक मारायचे, ती बाई. मी ऐकून घेतलं, कपड्यांची पिशवी खाली पोचवली, आणि तेव्हाही मूग गिळून गप्प राहिलो. ताई जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून गेल्या.

म्हणून हे लिहितोय. परत ये म्हणायला नाही. ते म्हणायचं तोंड मला उरलेलं नाही. हे पत्र पोस्टात टाकलं तर तू वाचशील आणि कपाटात ठेवून देशील, माझी अब्रू झाकायला, आणि तिथे सगळ्यांच्या लेखी तूच विसराळू, तूच वेंधळी राहशील. तेव्हा मी ते पाकीट न चिकटवता घेऊन येतोय. दार बाबा उघडतील. त्यांनी आधी वाचायचं, मग ताईंनी, माझ्या समोर, आणि त्यांचं वाचून होईपर्यंत मी दारातच उभा राहणार आहे. बसा म्हणाले तरी बसणार नाही. तुझ्या हातात ते सर्वांत शेवटी येईल. तोपर्यंत तू आतल्या खोलीतच राहिलीस तरी चालेल. मला बाहेरून एकच विचारायचं आहे, जे त्या वळणावर टेम्पोतून उतरल्या उतरल्या विचारायला हवं होतं. कुठे लागलंय तुला, आणि फार दुखतंय का?

तुझाच, अजून तुला चालत असलो तर,
उस्ताद