जपून हसणारी माणसं

प्रिय बडबड्या,

फोन सोडून पत्र लिहितोय म्हणून दचकू नकोस, आम्ही तिघंही शाबूत आहोत. घड्याळजीचा गुडघा कुरकुरतो, पोस्टमास्तर अजून कानटोपीशिवाय घराबाहेर पडत नाही, आणि बागेतल्या आपल्या बाकाची तुझ्याकडची फळी तशीच हलते. घशाच्या ऑपरेशनात तुझा आवाज गेला आणि लेक तुला आपल्याकडे घेऊन गेली, तेव्हापासून त्या फळीवर कुणी बसत नाही. आम्ही दाटीवाटीनं बसतो, पण ती जागा सोडून. मध्यंतरी बागेमागच्या शाळेतून मुलांनी एका सुरात कविता म्हटलेली ऐकू आली. शब्द कळेनात, नुसती चाल. मला वाटलं, आपल्या शाळेत करायचास तसं आता तू मध्येच तुझी एक ओळ घुसडणार, वर्ग खिदळणार आणि बाई तुला बाहेर उभं करणार. वाट बघत किती वेळ बसलो कुणास ठाऊक. चहा गार झाला.

तर मुख्य बातमी अशी, की बाकावरचे विनोद बंद पडलेत. घड्याळजीच्या सूनबाईनं आपल्या चौघांना त्या ब्लॉकचेनवाल्या साइटवर खाती उघडून दिली होती ना, तिथूनच सगळं बिघडलं. तिथे मीम टाकायचं, लोक हसले, म्हणजे त्यांनी लाइक दिलं, की टोकन नावाचं तिथलं नाणं मिळणार, आणि टाकलेलं हजारो संगणकांवर कोरलेलं राहणार, कुणाच्या बापाला पुसता यायचं नाही. मी आपला हरखलो. आयुष्यभर माझ्या कविता कुणी छापल्या नाहीत, आता थेट कोरल्याच जाणार! शेजारणीच्या मांजरीच्या फोटोवर मी दोन ओळी घातल्या:

मांजर बसले खिडकीपाशी,
गूज बोलते आभाळाशी.

किंमत आली शून्य. त्याच दिवशी पोस्टमास्तरच्या हातून स्वतःच्याच अंगठ्याचा फोटो चुकून चढला. लोकांनी त्या अंगठ्याला चष्मा लावला, मिशा काढल्या, एकानं तर त्याचं लग्न लावून दिलं. अंगठा जगभर फिरला आणि पोस्टमास्तर टोकनांत लोळायला लागला. तिथला कायदा असा, की ज्याच्याकडे टोकन जास्त त्याच्या हसण्याला वजन जास्त. ज्या माणसाला शाळेपासून विनोद दुसऱ्या दिवशी कळतो, त्याचं हसू आज आमच्यात सगळ्यात महाग आहे. मग त्याला कळतील असेच विनोद करणं आलं. घड्याळजीनं आठवडाभर नुसत्या कोंबड्या टाकल्या.

त्यात आणखी एक भानगड. दर लाइकमागे आपली हसण्याची ताकद कमी होते आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. म्हणून आम्ही जपून हसायला लागलो. आधी फोनवर, मग सवयीनं बाकावरही. घड्याळजी अर्धा विनोद सांगतो आणि गिळून टाकतो. म्हणतो, उरलेला संध्याकाळी तिकडे बघा. एकदा कुत्र्यानं माळीबुवांची चप्पल पळवली. तू असतास तर बाक मोडला असता. आम्ही तिघं ओठ मिटून खिशात फोन चाचपत राहिलो, तोवर कुत्रा, चप्पल, माळीबुवा सगळेच दिसेनासे झाले.

आणि काल तुझ्या लेकीचा फोन आला. म्हणाली, दवाखान्यात बाबा पाटीवर लिहून नर्सबाईंना हसवत होते, पण हल्ली पाटी कपाटावर टाकलीय, फोन खणात ठेवलाय आणि खोलीबाहेर येत नाहीत. त्यांनी एक मीम टाकलं होतं काका, तेव्हापासूनच. मी शोधायला बसलो. कोंबड्यांचे थवे ओलांडून खूप खाली गेलो, तेव्हा तू सापडलास. गळ्याला पट्टी, हाताची घडी, तोंडावर बोट, आणि मांडीवरच्या पाटीवर तुझ्या वळणदार अक्षरात, "बाई, ऐकलं हो तुमचं एकदाचं." त्याखाली शून्य. आम्हा तिघांचंसुद्धा नाही. त्या दिवशी आम्ही बहुधा अंगठ्यासाठी ताकद राखून ठेवली होती. तिथे हसायलाही सात दिवसांची मुदत असते, तीही कधीच उलटली. ते शून्य आता कोरलं गेलंय.

आज सकाळी फोन घेऊन बाकावर गेलो. घड्याळजी इतका हसला की दुखरा गुडघाच बडवत बसला. आणि पोस्टमास्तर, बडबड्या, आपला पोस्टमास्तर तिथल्या तिथे हसला. उद्यावर ढकललं नाही. कानटोपी पडली, डोळ्यांतून पाणी आलं, माळीबुवा धावत आले. मग टोपीनंच डोळे पुसत तो म्हणाला, "आपण हसलो हे त्याला कळणार कसं रे?" फोन तर तू खणात कोंबलायस. म्हणून हे पत्र. रविवारी आम्ही तिघं येतोय, तोवर कुठेही लाइक द्यायचं नाही असं ठरलंय. पाटी कपाटावरून काढून पुसून ठेव. आणि आम्ही येऊ तेव्हा दाराबाहेर येऊन उभा राहा. तुला सवय आहे.

तुझाच,
बाकावरचा शेजारी,
कविराज