पानामागचे ठिपके

प्रिय बाबा,

हे पत्र दादाकडून वाचून घेऊ नका. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, चष्मा लावून सावकाश वाचा. शेजाऱ्यांनी गुलाब छाटायला बोलावलं तेव्हा ‘मला झाडातलं काही कळत नाही’ म्हणालात, असं आई सांगत होती. एकोणतीस वर्षं काचघर सांभाळलेल्या माणसानं असं म्हणावं?

काचघरातला तो नेचा परवा गेला. खंगलेला होताच, शेवटचं पान उलगडलंच नाही, गुंडाळीतच काळं पडलं. त्या जातीचं दुसरं झाड कुठं असल्याचं कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही विचारायचात, फूल नाही, फळ नाही, मग याचा वंश चालतो कसा, चोरून का? मी नुसती हसायचे. तेव्हा सांगायला हवं होतं. पानामागचे तपकिरी ठिपके म्हणजे बीजाणूंच्या पुड्या. पिकल्या की फुटतात, आणि बीजाणू धुळीसारखे उडतात. एखादा ओलीत रुजला, तरी लगेच नेचा होत नाही. आधी नखाहून लहान, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा येतो. त्यावर नर आणि मादी पेशी तयार होतात, आणि नर पेशीला मादीपर्यंत पोहत जावं लागतं. पाण्याचा पातळसा थर नसला तर सगळं तिथंच संपतं. असला, तर कुठं नवा नेचा.

तुम्ही ते ठिपके कीड समजून साबणाच्या फडक्यानं एकेक पान पुसून काढलंत. तेही सुट्टीच्या दिवशी येऊन. ते फडकं पिळून, गाळून, हाती लागलं ते मी पेरलं. नऊ पापुद्रे आले. दोन महिने सकाळ-संध्याकाळ फवारा मारला. मग बुरशी धरली.

त्या पुसण्यावरून झालेल्या चौकशीत तुम्ही म्हणालात, चूक माझी, पोरीचा काही संबंध नाही. त्याच काचघरात नोकरीला लागलेली घरातली पहिली पदवीधर, म्हणजे मी, शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती.

पानं पुसलीत त्याच्या आदल्या शुक्रवारी तुम्ही पान उलटं धरून मला विचारलं होतं, बाळा, ही कीड का गं? माझ्यासोबत पाहुणे होते, तुमचे हात खतानं भरलेले होते. मी म्हणाले, ‘माळीकाका, तुम्हाला योग्य वाटेल ते करा.’ आज हे सगळं लिहून चौकशी करणाऱ्या मॅडमना दिलं. त्यांनी कागद परत केला. फाईल बंद झालीय, तुमच्या जागी नवा माणूस आलाय. शुक्रवारचं ते तुम्ही आईलाही सांगितलं नाहीत. गडबडीत पोरीला नीट ऐकू आलं नसेल, अशी मनाची समजूत घातली असेल. तसं नव्हतं, बाबा. मला ऐकू आलं होतं.

तुमचीच,
धाकटी